जुनी काचेची बाटली किती जुनी ते कसं ओळखायचं: आधी बूड, मग तोंड, अक्षरं सगळ्यात शेवटी

जुन्या सामानाच्या ढिगात एखादी बाटली दिसते, काच हिरवट-निळी, अंगावर उठावाची अक्षरं, आत वाळलेली माती, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की दीडशे वर्षं जुनी आहे. तुम्ही नवीन असाल तर त्याचा शब्द खरा मानायचा की नाही हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. बाटली कशी बनवली याच्या खुणा तिच्या अंगावर राहतातच, त्या पुसता येत नाहीत, आणि कशी बनवली हे कळलं की कधी बनवली त्याचा अंदाज बांधता येतो. नेमकं साल फार क्वचित मिळतं, बहुतेक वेळा वीस-तीस वर्षांचा टप्पा मिळतो आणि माझ्या मते तो टप्पा प्रामाणिकपणे सांगणं हेच या छंदातलं खरं कसब आहे.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बाटली हातात आली की अक्षरं वाचू नका. अवघड आहे, डोळा तिकडेच जातो, पण एकदा त्यावरचं साल वाचलं की मन तिथे अडकतं आणि मग बाकीच्या खुणा आपण त्या सालात बसवत बसतो. मी सुरुवातीला एका बरणीवर 1858 वाचलं आणि पुढचे कित्येक महिने ती 1858 ची म्हणून सगळ्यांना दाखवली, ती का चूक होती ते पुढे सांगतो.

हात लावायच्या आधी

आत काही शिल्लक असेल, मग ते पाणी असो, पूड असो की वाळून चिकटलेला थर, तर बूच काढू नका आणि वास तर अजिबात घेऊ नका. जुन्या औषधांत आणि कीटकनाशकांत पारा, आर्सेनिक, स्ट्रिकनिन असल्या गोष्टी सर्रास असायच्या. हातमोजे घाला, तोंडाचा टवका उडालेला असेल तर कापतोच. लागणारं सामान फार नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधा टॉर्च, एक पांढरा कागद, आणि जमलं तर 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. बाकी काम तुमच्या नखाचं आहे, खरंच सांगतो, नखाएवढं चांगलं साधन दुसरं नाही.

पायरी 1: उलटी करा, बूड बघा

जुन्या पद्धतीत कारागीर लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकायचा, साच्यात किंवा साच्याशिवाय. बाटलीचं पोट तयार झालं की तोंड घडवायचं राहायचं, पण तोंडाकडची बाजू तर फुंकणीला चिकटलेली. मग दुसऱ्या एका दांड्याच्या टोकाला थोडी गरम काच लावून तो बुडाला चिकटवायचे, फुंकणी तोडायची, तोंड घडवायचं, आणि शेवटी तो दांडाही तोडायचा. तोडल्याची ती जखम बुडावर राहते, तिला पॉन्टिलचा व्रण म्हणतात. बोट हळूच बुडाच्या खळग्यात फिरवा. खडबडीत, कधी कधी धारदार काचेचं कडं लागलं, कागद अडकेल इतकं, तर तो व्रण. कधी काचेचं कडं नसतं पण खळग्यात तांबूस किंवा काळपट डाग असतो, तो तापवलेला लोखंडी दांडा थेट टेकवल्याचा, आणि असा डाग साधारण 1840 ते 1860 च्या दशकांतल्या बाटल्यांवर दिसतो, सोड्याच्या जाड बाटल्यांवर विशेष करून.

1850 च्या आसपास स्नॅप केस नावाचा चिमटा आला, तो बाटलीला बाहेरून कंबरेत धरायचा, त्यामुळे बुडाला काही चिकटवायची गरज उरली नाही. 1860 च्या दशकानंतर रोजच्या वापरातल्या साध्या बाटल्यांवर व्रण झपाट्याने कमी होत गेला. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, हाताने काच फुंकणारे कलाकार आजही पॉन्टिल वापरतात, म्हणजे नुसता व्रण दिसला म्हणून बाटली जुनी ठरत नाही.

आता दुसरी खूण, जी नवशिक्यांना पॉन्टिलसारखीच वाटते आणि तिथेच घोळ होतो. बुडावर एक मोठं गोल वर्तुळ, बारीक रेघेचं, कडेला पिसासारखं फाटलेलं, आणि बहुतेक वेळा मधोमध नसलेलं, एका बाजूला सरकून कधी बुडाच्या कडेवर चढलेलं. हा ओवेन्स यंत्राचा व्रण. मायकल ओवेन्स या अमेरिकन माणसाने 1903 च्या सुमाराला पूर्ण स्वयंचलित बाटली यंत्र तयार केलं, ते भट्टीतून काच खाली ओढून घ्यायचं आणि पात्याने कापायचं, त्या कापल्याची ही खूण. म्हणजे हे वर्तुळ दिसलं तर बाटली साधारण 1905 नंतरची, त्याआधीची असूच शकत नाही. याउलट बुडाच्या मधोमध छोटं, नीटनेटकं, नाण्यासारखं गोल असेल आणि बाटली रुंद तोंडाची, दुधाच्या बाटलीसारखी असेल तर ती दाबून-फुंकणाऱ्या यंत्राच्या झडपेची खूण, ती विसाव्या शतकातलीच.

बुडाच्या कडेला सगळीकडे बारीक दाणे किंवा खरखरीत रेघांची पट्टी असेल तर फार विचार करू नका, ते 1940 च्या आसपास सुरू झालं आणि आजही चालू आहे.

पायरी 2: तोंड आणि साच्याची रेघ

बाटली आडवी धरा, बाजूला जी उभी बारीक रेघ दिसते ती साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. नख तिच्यावर टेकवून खालून वर न्या, सावकाश. प्रश्न एकच, रेघ कुठे संपते?

रेघ गळ्यावरून ओठावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या जाड कडेवर, चढली आणि ओठाच्या माथ्यावरूनही पार गेली, तर बाटली यंत्रावर बनलेली. ओठाच्या वर अजून एक गोल रेघ बाटलीच्या तोंडाला वेढा घालून असेल तर शंकाच नको. अरुंद तोंडाच्या अशा बाटल्या विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत वाढत गेल्या आणि 1920 पर्यंत बऱ्याच मोठ्या कारखान्यांत तीच पद्धत झाली होती. रुंद तोंडाच्या बरण्या अर्धस्वयंचलित यंत्रावर थोड्या आधी, 1890 च्या दशकापासूनच बनायला लागल्या होत्या.

रेघ ओठाच्या खालीच संपली तर बाटली फुंकून बनवलेली आणि तोंड नंतर हाताने केलेलं. पण त्यातही दोन प्रकार आहेत आणि हा फरक शिकायला वेळ लागतो, शिका मात्र नक्की. पहिला प्रकार म्हणजे वरून लावलेला ओठ. गळ्याच्या टोकाला वेगळी गरम काच गुंडाळून ओठ केलेला, त्यामुळे रेघ ओठाच्या खालच्या कडेशी अचानक तुटल्यासारखी थांबते, आणि भिंगातून बघितलं तर ओठाची काच गळ्यावर जराशी ओघळलेली दिसते, मेणबत्तीच्या मेणासारखी. बाटलीत बोट जात असेल तर आतून गळा आणि ओठ यांच्या जोडावर हलकी पायरीसुद्धा लागते. हे जास्त करून 1880 च्या दशकापर्यंतचं काम. दुसरा प्रकार म्हणजे हत्याराने घडवलेला ओठ, इथे वेगळी काच लावलेली नसते, गळ्याचंच टोक परत तापवून हत्यार गोल फिरवून ओठ काढलेला असतो. त्यामुळे रेघ थांबत नाही, विरते. ओठाच्या खाली अर्धा-एक इंच आधीपासून फिकी होत होत नाहीशी होते, आणि त्या जागी भिंगात अगदी बारीक आडव्या गोल रेघा दिसतात, कुंभाराच्या चाकावरच्या मडक्याला असतात तशा. हे साधारण 1870 च्या दशकापासून 1915-20 पर्यंत.

तुम्हाला कुठेतरी असा तक्ता सापडेल की रेघ खांद्यापर्यंत असेल तर अमुक साल, गळ्याच्या मध्यापर्यंत असेल तर तमुक साल, जितकी वर तितकी नवी. कृपा करून तो विसरून जा. फुंकलेल्या बाटलीत रेघ कुठे संपते हे ओठ करताना गळा किती तापवला आणि हत्यार किती खालपर्यंत फिरलं यावर ठरतं, सालावर ठरत नाही. एकाच दिवशी एकाच भट्टीत बनलेल्या दोन बाटल्यांच्या रेघा वेगवेगळ्या उंचीवर संपू शकतात.

आणि रेघच नसेल तर? लगेच हुरळून जाऊ नका. टॉर्चच्या तिरक्या उजेडात अंगावर बारीक आडव्या वळ्यांच्या रेघा दिसतात का बघा, दिसल्या तर ती बाटली ओल्या लेपाच्या साच्यात फुंकताना गोल फिरवलेली आहे, फिरवल्यामुळे उभी रेघ पुसली गेली. वाइनच्या बऱ्याच बाटल्या अशा आहेत आणि त्या बहुतेक 1880 ते 1915 च्या दरम्यानच्या. अशा बाटलीवर उठावाची अक्षरं कधीच नसतात, कारण तीही पुसली गेली असती. खांद्यावर आडवी रेघ आणि तिथून वर दोन उभ्या रेघा असतील तर तो तीन भागांचा साचा, ब्रिस्टलच्या रिकेट्सने 1821 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं.

खांद्यावर किंवा बुडाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे उठावाचे ठिपके दिसतात का तेही बघा. साच्यातली हवा बाहेर जायला पाडलेल्या भोकांच्या त्या खुणा, फुंकलेल्या बाटलीवर त्या दिसल्या तर बाटली साधारण 1885 नंतरची. लोक या ठिपक्यांकडे बघतच नाहीत आणि मला तर सगळ्यात जास्त मदत त्यांचीच झालीये.

पायरी 3: झाकण कसं बसायचं

याचा उपयोग वेगळा आहे, झाकणाची पद्धत तुम्हाला 'याच्या आधीची नाही' एवढं पक्कं सांगते. दात्यांचा पत्र्याचा बिल्ला बसतो तसं तोंड असेल, म्हणजे क्राउन कॉर्कचं, तर ते विल्यम पेंटरचं 1892 चं पेटंट. तारेच्या खटक्याने उघडणारं बूच 1875 पासूनचं. गळ्यात वाकवलेली तार आणि आत रबराची चकती असलेलं हचिन्सनचं बूच 1879 चं.

गोटीवाल्या बाटलीबद्दल जरा थांबून सांगायला हवं कारण ती सगळ्यांनाच आवडते. इंग्लंडच्या हायरम कॉडने 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणली. आत काचेची गोटी, तोंडात रबराचं कडं, आणि सोड्याच्या गॅसचा दाब गोटीला वर ढकलून कड्याला घट्ट बसवतो, म्हणजे जे आत कोंडलंय तेच झाकण लावतं. गळ्याला दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखे खळगे असतात, ओतताना गोटी त्यात अडकून राहावी म्हणून. ही बाटली हातात घेऊन तिरपी करा आणि गोटी घरंगळत त्या खळग्यात कशी बसते ते बघा, सांगून कळणार नाही. पण या बाटल्या आजही बनतात, त्यामुळे गोटी आहे म्हणजे जुनी असं नाही, इथेही बूड आणि ओठच बघायचा. आणि बुडाला निमुळती, उभीच न राहणारी अंडाकृती बाटली दिसली तर ती हॅमिल्टन बाटली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची कल्पना. ती आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही, आणि गॅस निसटत नाही.

पायरी 4: रंग, पण जपून

रंगावरून वय सांगणारे फार आणि चुकणारेही तेच. हिरवट-निळी छटा म्हणजे वाळूतलं लोह, आणि अशी काच शंभर-दोनशे वर्षं बनत आलीये. कोबाल्ट घातलं की गडद निळा. काळी वाटणारी बाटली उन्हासमोर धरा, ती गडद हिरवी किंवा तपकिरी निघेल.

उपयोगी पडतो तो एकच रंग, फिकट जांभळा. लोहाची हिरवी छटा मारून काच पांढरी, म्हणजे बिनरंगी, करायला मँगनीज घालायचे आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. मँगनीजचा हा वापर साधारण 1880 पासून पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत जोरात होता, नंतर सेलेनियम आलं आणि त्याची काच जाड भागात हलकी गव्हाळ पिवळसर दिसते. पांढऱ्या कागदावर ठेवून बुडाच्या जाड कडेत बघा, छटा तिथेच कळते. मँगनीजची काच यूव्ही टॉर्चखाली मंद हिरवट चमकते. आता सावधगिरीची गोष्ट, साध्या पांढऱ्या जुन्या बाटल्यांना मुद्दाम किरणोत्सर्ग देऊन गडद जांभळं करून विकतात. वांग्याच्या सालीसारखा गडद, सगळीकडे एकसारखा जांभळा दिसला तर मी ती बाटली खाली ठेवतो.

बुडबुड्यांवर तर अजिबात भरवसा ठेवू नका, शोभेच्या नव्या काचेत ते मुद्दाम सोडतात.

पायरी 5: आता वाचा अक्षरं

इतका वेळ थांबलात, आता वाचा. आणि पहिली गोष्ट, बाटलीवरचं साल हे क्वचितच ती बनल्याचं साल असतं. माझी 1858 ची बरणी आठवा. जॉन मेसनने फिरकीच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट 30 नोव्हेंबर 1858 ला घेतलं आणि ती तारीख बरण्यांवर उठावात घातली, मग वेगवेगळे कारखाने तीच तारीख घालून पुढे कित्येक दशकं, विसाव्या शतकापर्यंत, बरण्या काढत राहिले. माझी यंत्रावरची होती, साच्याची रेघ ओठावरून पार जात होती, मी ती बघितलीच नव्हती. कोका-कोलाच्या कमरेत बारीक बाटलीचं तसंच, 25 डिसेंबर 1923 ही पेटंटची तारीख असलेल्या बाटल्या प्रत्यक्षात 1920 च्या दशकाच्या शेवटापासून 1930 च्या दशकाच्या शेवटापर्यंत बनल्या. कंपनी स्थापन झाल्याचं साल, प्रदर्शनात पदक मिळाल्याचं साल, साच्याचा नंबर, यातलं काहीही साल म्हणून वाचलं जाऊ शकतं, तेव्हा सावध.

काही मजकूर मात्र पक्का आधार देतो. 'फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रीयूज ऑफ धिस बॉटल' हे वाक्य अमेरिकन मद्याच्या बाटल्यांवर 1935 ते 1964 एवढ्याच काळात सक्तीचं होतं. देशाचं नाव बघा, 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990, 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत. 'आरडी नंबर' असा ब्रिटिश डिझाइन नोंदणीचा आकडा असेल तर 1884 नंतरची, आणि हे आकडे क्रमाने वाढत गेले, 1900 च्या सुरुवातीला ते साडेतीन लाखाच्या आसपास होते. पण तेही डिझाइन नोंदल्याचं साल. ओवेन्स-इलिनॉय कंपनीची खूण म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा हिरा, त्यावर आडवा अंडगोल आणि मध्ये 'आय' अक्षर, ही 1929 पासून 1950 च्या दशकापर्यंतची. खुणेच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा सालाचा, पण सालाचा एकच अंक असतो तेव्हा 1930 च्या दशकातला की नंतरचा हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. काचेवर रंगाने छापलेलं लेबल असेल तर 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरची.

गडद निळी किंवा हिरवी, सहा कोनांची, अंगावर उभ्या धारा आणि 'नॉट टू बी टेकन', म्हणजे पोटात घेऊ नये, असं लिहिलेलं, ही विषाची बाटली. अंधारात हाताला धारा लागल्या की कळावं म्हणून ती तशी केलेली. अशी मिळाली तर धुवायच्या आधी वरचा 'हात लावायच्या आधी' हा भाग परत वाचा.

नकली कशी पकडायची

खुणा एकमेकींशी भांडतायत का ते बघायचं, एवढंच. बुडावर पॉन्टिलचा व्रण आणि साच्याची रेघ ओठावरून पार गेलेली, हे दोन्ही एका बाटलीवर खरं असू शकत नाही, व्रण साच्यातच कोरलेला असतो, बोटाला गुळगुळीत लागतो. बुडाची झीजही बघा, खरी झीज बाटली जिथे टेकते त्या कड्यावरच असते, ओरखडे सगळ्या दिशांना, काही जुने बोथट काही ताजे. एकाच दिशेने ओढलेले सारखे ओरखडे म्हणजे कुणीतरी सँडपेपरने घासलंय.

धुणं

कोमट पाणी आणि सौम्य साबण, एक-दोन दिवस भिजत ठेवा, मग लांब ब्रश. गरम पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. पांढरा क्षार असेल तर व्हिनेगर. मातीत राहिलेल्या काचेवर मोरपिसासारखी रंगीत झाक येते, तो काचेचाच झिजलेला थर असतो, धुऊन जात नाही आणि घासून काढायचाही नाही. कागदी लेबल असेल तर पाणी लावूच नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, कारण लेबल नसलेल्या तशाच बाटल्या ढिगाने मिळतात आणि लेबलवाली एखादीच टिकते.

एक बाटली शेवटपर्यंत

समोर एक औषधाची चौकोनी बाटली आहे, हिरवट-निळी, सहा इंच. बूड उलटं केलं, व्रण नाही, पिसासारखं वर्तुळ नाही, म्हणजे 1860 च्या दशकानंतरची आणि ओवेन्सच्या यंत्रावरची नाही. नख रेघेवरून वर नेलं, ओठाच्या बोटभर खाली रेघ विरली, भिंगात आडव्या गोल रेघा, म्हणजे हत्याराने घडवलेला ओठ, साधारण 1870 ते 1920. खांद्यावर टाचणीएवढे चार ठिपके, म्हणून खालची हद्द 1885 वर आली. तोंड साध्या बुचाचं, त्यातून काही कळलं नाही. रंगातून काही कळलं नाही. अक्षरांत 'क्युअर', म्हणजे अमुक रोग बरा करतो असा दावा, आणि अमेरिकेत 1906 आणि 1912 च्या कायद्यांनी असल्या दाव्यांना चाप बसला, गाव अमेरिकेतलं आहे, म्हणून वरची हद्द 1912 च्या आसपास. चिठ्ठीवर लिहा: 1885 ते 1912, कारण ओठ, ठिपके, शब्द. चिठ्ठी घडी करून बाटलीत टाका, आणि गाव-कारखान्याबद्दल पुढे काही नवीन कळलं तर तीच चिठ्ठी काढून त्यात भर घाला.